पाच रकान्यांची वही

दिसायला ती अगदी साधी. लांबट, जाड पुठ्ठ्याची, पाठीला लाल कापडाची पट्टी. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून दुकानदार जमाखर्चासाठी नेतात, त्यांतलीच एक. पुठ्ठ्यावर तलावाच्या पाण्याचे फिकट डाग आणि सायकलच्या चेनचं एक काळं बोट. पण आयर्नमॅनच्या अंतराची तयारी चाललेल्या घरात तिच्या शब्दाला जेवढं वजन असतं तेवढं दुसऱ्या कुणाच्याच नसतं. ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० किलोमीटर सायकल मारायची आणि तशाच पायांनी ४२.२ किलोमीटर धावायचं, तेही बहुतेक ठिकाणी १७ तासांच्या आत. एवढं मोठं काम डोक्यात मावत नाही. ते तिच्या पाच रकान्यांत मावतं.

तिचा दिवस माणूस अंथरुणातून उठायच्या आधीच सुरू होतो. पाय जमिनीला लागण्यापूर्वी मनगटावर दोन बोटं ठेवायची, मिनिटभर ठोके मोजायचे आणि पहिल्या रकान्यात तारखेखाली तो आकडा लिहायचा. एरवी हा आकडा फारसा हलत नाही. एखाद्या सकाळी तो पाच-सात ठोक्यांनी वर गेला, की ती सावध होते. झोप अपुरी झाली असेल, कालचा थकवा उतरला नसेल, नाहीतर ताप यायच्या बेतात असेल. त्या दिवशी वेगाचा सराव रद्द. हलकी सायकल, फार तर थोडं चालणं. आपण कितीही उत्साहात असलो तरी ती आकड्यावर बोट ठेवून बसते.

दुसऱ्या रकान्यात काम: काय केलं, किती वेळ, किती अंतर. तिसऱ्यात त्या वेळची नाडी. चौथा मात्र तिचा सगळ्यात लाडका. त्यात एकच आकडा, एक ते दहामधला: आज किती जड गेलं? श्रमाला असा आकडा देण्याची रीत गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची. त्याची मूळ पट्टी सहापासून वीसपर्यंत होती. निरोगी तरुणाच्या नाडीशी ढोबळमानानं जुळावी म्हणून. आकड्याला दहानं गुणलं की ठोक्यांचा अंदाज यावा, असा हिशेब. पुढे कार्ल फॉस्टर या अमेरिकी संशोधकानं तो आणखी सोपा केला. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं, दम बसल्यावर, दहापैकी आकडा द्यायचा आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. दीड तास आरामात धावलो, जड किती तर चार, म्हणजे ३६०. चाळीस मिनिटं जोरात धावलो, आठ, म्हणजे ३२०. किलोमीटर बघितले तर दुसरा दिवस किरकोळ वाटतो. अंगावर पडलेला भार जवळजवळ तेवढाच. अंतरानं माणूस हुरळून जातो. ती जात नाही.

पाचवा रकाना शेऱ्याचा, आणि तिथे तिला विशेषणं खपत नाहीत. ‘मस्त झालं’ असं लिहिलं तर ती ओळ पुढे काहीच सांगत नाही. ‘खंबाटकीच्या चढावर उलटा वारा, पाणी तिसऱ्या तासाला संपलं’ ही ओळ सहा महिन्यांनीही कामाला येते. रविवारच्या लांब राइडला निघताना वजन आणि परतल्यावर वजन, दोन्ही तिथे असतात. एक किलो घटलं म्हणजे प्यायलेल्याच्या वर साधारण लिटरभर घाम गेला. ताशी किती खजूर, किती राजगिऱ्याची चिक्की, कितव्या तासाला गोड नकोसं झालं, सायकलवरून उतरून लगेच धावायला लागल्यावर पाय मोकळे व्हायला किती वेळ लागला, हे सगळं तिला हवं असतं. मनगटावरचं घड्याळ आता ठोके, वेग, चढ सगळं आपण होऊन टिपतं, आणि ते उत्तमच आहे. पण रात्री मुलाला ताप होता म्हणून चार तासच झोप झाली, हे त्याला कुणी सांगायचं? ते हातानंच लिहावं लागतं.

पूर्ण पान भरेपर्यंत ती काहीच बोलत नाही. आठवडाभरात प्रगती शोधणाऱ्याला ती निराशच करते. तिची खरी ओळख पटते ती महिन्यांच्या अंतरानं पानं समोरासमोर ठेवली की. महिन्यातून एकदा, विद्यापीठाच्या आवारातला तोच रस्ता, तीच पहाटेची वेळ, नाडी १४०च्या पुढे जाऊ द्यायची नाही. फेब्रुवारीच्या पानावर किलोमीटरला सात मिनिटं वीस सेकंद. एप्रिलमध्ये आणखी हळू, सात-चाळीस. घाबरावं असा आकडा. पण शेजारी शेरा आहे: ‘रात्रभर उकाडा, पहाटेही वारा नाही.’ अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे जातं, म्हणून तेवढ्याच वेगाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. पाऊस आला, हवा उतरली, आणि ऑगस्टच्या पानावर सहा-पस्तीस. रस्ता तोच, ठोके तेवढेच, जड किती तेही तेवढंच. तेवढ्याच मोलात शरीर आता जास्त काम करत होतं.

तलावातही तेच. पंचवीस मीटरच्या तलावात ३.८ किलोमीटर म्हणजे १५२ लांब्या. एका लांबीला हात किती मारले, ते ती विचारते. सव्वीसचे बावीस झाले आणि वेळ तोच राहिला, तर पाण्याशी झटणं कमी झालं. लांब पल्ल्याच्या या खेळात मला प्रगतीचा हाच अर्थ खरा वाटतो: जे काम काल अंगावर यायचं ते आज अंगवळणी पडलं. आरशात हे दिसत नाही, सोबत्यांशी तुलना करूनही कळत नाही. कालचा आकडा जपून ठेवणारं कुणीतरी लागतं.

हवाईतल्या कोनाची आयर्नमॅन जागतिक स्पर्धा सहा वेळा जिंकणारा मार्क ॲलन याच वाटेनं गेला. नाडी ठरवलेल्या मर्यादेच्या वर जाऊ द्यायची नाही, मग सुरुवातीला कितीही हळू पळावं लागो. तेवढ्याच ठोक्यांत वेग वाढेपर्यंत त्यानं महिनोन्‌महिने वाट पाहिली. अशी वाट बघायला लागणारा धीर रोज नुसत्या मनातून काढता येत नाही; तो लिहून ठेवलेल्या आकड्यांतून मिळतो.

आणि तिचा सगळ्यात मोठा गुण: विश्रांतीच्या दिवशीही ती ओळ मागते. कोरी जागा तिला चालत नाही. ‘विश्रांती’ हा शब्द इतर नोंदींइतक्याच ठळक अक्षरात लिहायचा. तीन आठवडे भार चढवायचा, चौथ्या आठवड्यात उतरवायचा, ही लय तिच्या पानांवर सरळ दिसते. स्पर्धेआधीच्या दोन-तीन आठवड्यांत नोंदी आखूड होत जातात. पाय शिवशिवतात, सराव कमी पडला असं वाटायला लागतं. तेव्हा मागची पानं चाळावीत. काम झालेलं आहे; ते तिथे तारखेनिशी लिहिलेलं आहे.

आपल्याकडचे कितीतरी जण २०१९पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर होणाऱ्या अर्ध्या अंतराच्या स्पर्धेतून या खेळात येतात: १.९ किलोमीटर समुद्र, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. सायकलच्या पहिल्या तासात गर्दी भराभर पुढे निघते. प्रत्येकाला मागे लागावंसं वाटतं. अशा वेळी माझ्या डोक्यात तिचा तिसरा रकाना असतो: तीन तास कोणत्या नाडीवर चालवलं की नंतर पाय धावतात, आणि त्याच्या वर गेलं की कुठे गळतात. पुढे जाणाऱ्यांना मी जाऊ देतो. शेजारचा किती ताकदीचा आहे, मला माहीत नाही. माझं शरीर काय पेलतं, ते मात्र अंदाजानं ठरवायची गरज उरलेली नसते. या खेळात उतरू पाहणाऱ्यानं महागडी सायकल सवडीनं घ्यावी. वही पहिल्या दिवशीच घ्यावी, कारण सायकल नंतरही मिळते. न लिहिलेले महिने मिळत नाहीत.