गाव तेच, मुलूख नवा

माणूस जागचा न हलताही परमुलखात जाऊन पोहोचू शकतो. माझे आजोबा नांदेडला उर्दू माध्यमात शिकले. निजामी राजवटीत कचेरीची भाषाही उर्दूच होती. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. पुढे कारभार मराठीत आला आणि घरी मराठी बोलणारे आजोबा दफ्तरी मराठी लिहिताना अडखळू लागले. वरिष्ठांना विचारण्याचा संकोच वाटे. मग रोज सायंकाळी सार्वजनिक वाचनालयात बसून ते वर्तमानपत्रांतील वाक्ये वहीत उतरवून घेत. तेथे त्यांचे शिक्षण कोणी विचारले नाही. लातूरला बदली झाली, तेव्हा घराआधी त्यांनी वाचनालय शोधले. खंडानंतर आपणही पुन्हा वही उघडली आहे. गावच्या वाचनालयाचा उंबरठा ओलांडून पाहा.