सांता मारियाच्या दारावरील हमाल

बार्सिलोना हे शहर झोपते तरी केव्हा, असा प्रश्न मला पहिल्याच रात्री पडला. माझा मुक्काम रांब्ला या रस्त्यालगतच्या गल्लीत होता. गर्द झाडांखालून बंदराकडे उतरणाऱ्या त्या रुंद रस्त्यावर फुलांची दुकाने, उपाहारगृहांच्या खुर्च्या आणि देशोदेशीचे प्रवासी यांची मध्यरात्र उलटली तरी दाटी असे. रस्ता संपतो तेथे उंच स्तंभावर कोलंबस उभा आहे. डाव्या हाताला काही अंतरावर बार्सिलोनेटा ही जुनी कोळीवस्ती. १९९२ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने शहराने आपला किनारा नव्याने घडविला. आज तेथे जाळ्यांपेक्षा ऊन खात पडलेली माणसेच अधिक दिसतात.

सग्रादा फामिलिया पाहिल्यावाचून बार्सिलोनाहून कोणी परतत नाही. १८८२ साली आरंभिलेल्या त्या भव्य मंदिराला अंतोनी गौदी याने आपले आयुष्य वाहिले. १९२६ साली तो ट्रामखाली सापडला, तेव्हा त्याच्या साध्या कपड्यांवरून लोकांना तो भिकारी वाटला. त्याच मंदिराच्या तळघरात त्याची कबर आहे.

परंतु माझ्या मनात घर केले ते दुसऱ्याच एका चर्चने. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रिबेरा भागातील अरुंद गल्ल्यांतून हिंडताना मी सांता मारिया देल मार, म्हणजे समुद्राच्या मरियामातेच्या चर्चपुढे येऊन पोहोचलो. १३२९ साली पायाभरणी झालेले हे चर्च १३८३ साली पूर्ण झाले. व्यापारी, खलाशी आणि बंदरावरील हमाल यांनी ते उभारले. मोंजुइक टेकडीच्या खाणीतील दगड हमालांनी आपल्या पाठीवरून येथवर वाहून आणले. त्याची आठवण म्हणून मुख्य दरवाजावर ब्राँझचे दोन चिमुकले हमाल बसविले आहेत, ओझ्याखाली वाकलेले.

त्यांच्यापुढे माझे पाऊल अडखळले. माझे वडील मुंबईच्या गोदीत हमाल होते. शाळेच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘गोदीत नोकरी’ असे लिहीत असे. रविवारी मिस्साच्या वेळी ते धुतलेला सदरा घालून शेवटच्या बाकावर बसत. मी मित्रांसमवेत पुढे बसे. आमच्या चर्चचा जीर्णोद्धार झाला तेव्हा रात्रपाळी करून आल्यावर डोक्यावर चुंबळ ठेवून त्यांनी विटा आणि रेती वाहिली. पुढे संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे कोरली गेली, त्यांत त्यांचे नाव नव्हते. त्यांना त्याचे काही वाटले नाही. मला मात्र सुटल्यासारखे वाटले. नाव असते, तर ते कशाबद्दल, असे कोणीतरी विचारलेच असते.

आत गेलो. १९३६ सालच्या यादवीत येथे आग लावण्यात आली आणि जुनी वेदी भस्मसात झाली. अष्टकोनी खांब मात्र आजही निश्चल उभे आहेत. मिस्साबलिदान सुरू होत होते. पुढची बरीच बाके रिकामी होती. मी शेवटच्या बाकावर बसलो. भाषा अपरिचित होती, पण क्रम तोच होता. मृतांसाठी प्रार्थना करण्याची वेळ आली, तेव्हा मी मनातल्या मनात वडिलांचे नाव घेतले आणि नावापुढे त्यांचा व्यवसायही सांगितला.