सबनिसांचं देणं

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावं कोसळली. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. गणपती बोळवून माणसं नुकती अंथरुणाला टेकली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्याच घरांनी हजारो जीव घेतले. औसा तालुक्यातलं आमचं घरही त्यात गेलं.

वर्षभरानंतरही आम्ही पत्र्याच्या शेडमध्येच होतो. दिवाळीत पोरांनी वर्गणी काढून लातूरहून टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणला. कॅसेट होती ‘अशी ही बनवाबनवी’ची. चार तरुणांना पुण्यात राहायला जागा मिळत नाही. मालकीण फक्त जोडप्यांना खोली देते. मग दोघं लुगडी नेसून बायका होतात. आमच्या आत्यानं भूकंपात दोन लेकरं गमावली होती. ती त्या वर्षात कामापुरतंच बोलायची. लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होऊन आला तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला. माझ्या पोटात गोळा आला. पण आत्या हसत होती. मागून कुणीतरी म्हणालं, “खोलीसाठी काय काय करलालेत बघ बिचारे.” डोक्यावर छप्पर नसणं म्हणजे काय, हे त्या शेडमधल्या प्रत्येकाला कळत होतं. म्हणूनच ते हसू आमचं होतं, उसनं नव्हतं.

हा सिनेमा कुणी लिहिला, हा प्रश्न मला पुढं लातूरला कॉलेजात आल्यावर पडला. मराठीच्या सरांनी नाव सांगितलं, वसंत सबनीस, आणि ‘विच्छा माझी पुरी करा’ची संहिता हातात ठेवली. म्हणाले, “ही वाच. मग माळेगावच्या जत्रेत तमाशाच्या फडात जाऊन बस. मग पुन्हा वाच.” मी तसंच केलं. गण, गवळण, वग हा साचा तमाशाचाच. पण सबनिसांनी त्यात काय केलं होतं ते दुसऱ्या वाचनात दिसलं. आधी ‘छपरी पलंगाचा वग’ असं नाव असलेल्या या लोकनाट्यात फजिती होते ती सिंहासनाची. शहाणपण आणि मिश्कीलपणा हवालदाराच्या वाट्याला येतो. खेड्यातल्या माणसाला हसं बनवणारं लेखन आम्ही पुष्कळ पाहिलं होतं, आमच्या बोलीची टिंगलही ऐकली होती. सबनिसांचा विनोद खालच्या माणसाच्या बाजूनं उभा राहतो. हे मला फार मोठं वाटलं, आजही वाटतं.

सोलापुरात १९२३ साली जन्मलेल्या या माणसाचा आवाका थक्क करणारा. १९६५ मध्ये ‘विच्छा’ आलं आणि दादा कोंडके घराघरांत पोचले. १९७१ चा ‘सोंगाड्या’ही सबनिसांच्याच लेखणीचा. पुढं ‘सौजन्याची ऐशी तैशी’, ‘गेला माधव कुणीकडे’. ‘बनवाबनवी’ १९८८ ची, म्हणजे त्यांच्या पासष्टीतली. तिचं मूळ हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मध्ये आहे, पण मराठी माणसाला ती उसनी वाटली नाही. २००२ साली ते गेले. त्यांना भेटणं माझ्या नशिबात नव्हतं.

नोकरीनिमित्त मी नांदेडला आलो आणि हौशी कलावंतांसाठी एकांकिका लिहू लागलो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा सगळ्या देशाचे कॅमेरे आमच्या घागरींवर होते. मला त्यावर लिहायचं होतं. रांगेतल्या भांडणांवर हशा सहज मिळाला असता. पण शेडमधली ती दिवाळी आठवली, की आधी पाहावं लागतं, या माणसाला हवंय काय? मग एक घर दिसलं. पोराचं लग्न जमत नाही, कारण बिनपाण्याच्या गावात कोण लेक देणार? मुलीकडचे घर पाहायला येणार म्हणून अख्खी गल्ली आपापल्या घागरी रिकाम्या करून त्यांची टिपाडं भरून देते, आणि पाहुणे नेमके मुक्कामाला राहतात. उद्या प्यायचं काय, हे गल्लीत कुणालाच ठाऊक नसतं, तरी टिपाड परत मागायला कुणी येत नाही.

‘विच्छा’त दादा त्या त्या दिवसाच्या राजकारणावरचे टोले ऐनवेळी घालत. सबनिसांची बांधणी इतकी पक्की, की एवढी मोकळीक दिली तरी वग ढळत नसे. मीही माझ्या एकांकिकेत मुलाच्या बापासाठी दोन जागा कोऱ्या सोडल्या. ज्या गावी प्रयोग, तिथं आमचा नट दुपारी चहाच्या टपरीवर बसून नळ किती दिवसांनी येतो ते विचारतो आणि रात्री तोच आकडा पाहुण्यांपासून लपवायची धडपड करतो. लातूरचा आकडा वेगळा, नांदेडचा वेगळा, अहमदपूरचा आणखी वेगळा. त्या दोन जागा मी अजूनही लिहून टाकलेल्या नाहीत.