दिढी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांचा फोन आला. पाऊस, गुरं, शेजारच्यांचं भांडण असं सगळं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "रोवणीले पंधरा हजार कमी पडून राह्यले. पाठवशील का?"

दहा वर्षांत बाबांनी माझ्याकडे पहिल्यांदा पैसे मागितले होते. रोवणीची मजुरी थांबवता येत नाही. बांधीत पाणी आहे तोवरच बायका लावायच्या, नाहीतर पऱ्हं म्हातारं होतं. आणि माझ्या खात्यात त्या दिवशी अकराशे रुपये होते. घराचा हप्ता गेलेला, मुलांची फी गेलेली. उरलेलं कार्डवाल्यांनी नेलेलं.

म्हटलं, "बाबा, बघतो." त्या "बघतो"मध्ये त्यांना सगळं कळलं बहुतेक.

तर ही गोष्ट त्याआधीच्या दिवाळीपासून सुरू होते. आमचं गाव मूलपासून आठ-दहा किलोमीटरवर. झाडीपट्टीत दिवाळी लक्ष्मीपूजनाला संपत नाही, खरं तर तेव्हा ती सुरू होते. मग मंडई, शंकरपट आणि नाटकं. होळीपर्यंत आज या गावात तर उद्या त्या गावात. वडसा म्हणजे देसाईगंजच्या कंपन्या, रात्री दहाला पडदा वर जातो तो पहाटेच खाली येतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांनी झाडीपट्टी रंगभूमी हे शब्द पहिल्यांदा ऐकले. असो.

बाहेरच्यांना हे माहीत नसतं, की नाटकाचा खर्च तिकिटाचा नसतो. तो पाहुण्यांचा असतो. ज्या गावात नाटक, त्या गावात घरटी वीस-पंचवीस माणसं उतरतात. आत्या, मामे, व्याही, व्याह्यांचे व्याही. पोरी बघणं, सोयरीक जुळवणं हे सगळं याच निमित्ताने होतं. त्यांना मटणाचा रस्सा घालायचा, अंथरूण द्यायचं, निघताना पोरांच्या हातावर काही ठेवायचं. कोणी कमी केलं तर वर्षभर बोलणं.

आणि खरी गोम अशी, की हे सगळं धान विकायच्या आधी येतं. दिवाळीला हलकं धान जेमतेम कापून होतं, भारी तर शेतातच असतं. पुंजणे लागायचे बाकी, चुरणं बाकी. केंद्रावर धान दिलं तरी पैसे खात्यात यायला वाट पाहावी लागते. म्हणजे सण रोख आणि उत्पन्न उधार. हे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या असंच आहे.

मी त्या वर्षी ठरवलं होतं, बाबांना एक पैसाही खर्च करू द्यायचा नाही. पुण्याहून चौघांची तिकिटं, आईला टीव्ही (बिनव्याजी हप्त्यावर!), बहिणीला भाऊबीजेची पैठणी, भाच्यांना सायकली, नाटकाच्या रात्रीचं किराणा-मटण. टीव्हीचे हप्ते वेगळेच. बाकी सगळं मिळून ६४ हजार एकाच कार्डावर. चंद्रपूरच्या दुकानात कार्ड मशीनला लावताना बाबा शेजारी उभे होते. "पैसे दिले नाहीस?" त्यांनी विचारलं. "दिले की," मी म्हणालो.

बिल आलं. त्यात दोन आकडे होते, एकूण देय ६४ हजार आणि किमान देय ३,२००. मी किमान देय भरलं. पुढच्या महिन्यातही तेच. एखाद्या चांगल्या महिन्यात उरलेलं फेडू असं मनात होतं. तो चांगला महिना काही आला नाही. कार्ड मी खर्चायला पुन्हा वापरलं नाही, याचा मला अभिमानसुद्धा होता!

बाबांच्या फोननंतर त्या रात्री कागद-पेन घेऊन बसलो. हे मी आठ महिने आधी करायला हवं होतं. माझ्या कार्डावर व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. ६४ हजारांवर महिन्याचं व्याज २,२४०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४०३. मी भरलेल्या ३,२०० पैकी २,६४३ असेच गेले. मुद्दल कमी झालं ५५७ रुपयांनी. सात महिन्यांत मी जवळजवळ २२ हजार रुपये भरले होते आणि बाकी अजून साठ हजारांच्या वर होती. तीनदा बेरीज केली. बायको उठून आली, तिनेही एकदा केली.

त्या "बिनव्याजी" हप्त्याचंही गंमतीचं आहे. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सांगितलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. तरी दुकानात पाटी असतेच. आणि २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटलं होतं, की कार्डावर तीस टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा. बँका वर गेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. म्हणजे माझे बेचाळीस टक्के कायदेशीर. जुन्या काळी सावकाराला निदान दामदुपटीचा नियम होता, मुद्दलाएवढं व्याज झालं की बस.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. आकड्यांसकट. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे दिढीनं आनलास."

दिढी हा शब्द मी लहानपणी आजोबांच्या तोंडी ऐकला होता. पावसाळ्यात घरचं धान संपलं की मोठ्या मालगुजाराकडून आणायचं, आणि खळ्यावर दीडपट परत करायचं. थोडा दयाळू असला तर सवाई. आजोबांनी दोन वर्षं दिढी भरली आणि तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात कंदमुळं खाल्ली, पण त्याच्या दारात गेले नाहीत. बाबा सांगतात, दिढीवाल्याचा माणूस खळ्यावर माप घेऊन बसायचा. आपल्याच राशीतून आपलंच धान जाताना घरातली लहान पोरंसुद्धा बघायची.

मी विचार करत राहिलो, की माझं धान जाताना कोणीच पाहिलं नाही. मीसुद्धा नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला आपोआप कापून जात होतं, वर आभाराचा मेसेज.

बाबांच्या सोसायटीच्या पीककर्जाला मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं, म्हणून ते बाकी सगळं थांबवून ते आधी भरतात. आठवी शिकलेला माणूस शून्य टक्क्याने कर्ज काढतो आणि अभियांत्रिकी शिकलेला बेचाळीसने! आई मागून ओरडली, "त्याले बोलू नका आता."

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. ऑफिसच्या पतसंस्थेतून कर्ज काढून कार्डाचं सगळं एकदम भरलं, बंद करायचा अर्ज दिला. पतसंस्थेचा व्याजदर कार्डाच्या एक तृतीयांशही नाही. चार वर्षं माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर तिचं नाव छापून येत होतं, मी चौकशीच केली नव्हती. लाज वाटत होती. ओळखीच्या क्लार्ककडे कर्ज मागायची लाज, आणि मशीनकडे मागायची नाही.

रोवणीचे पंधरा हजार? ते बाबांनी बहिणीकडून घेतले. तिने पैठणीचा विषय काढला नाही, पण मला तो रोज आठवतो.

यंदाच्या दिवाळीचा हिशेब आईने आणि मी फोनवरच केला. मी म्हटलं, पाहुणे कमी करू. आई म्हणाली, "नाटक हाये तं पाहुने येतीलच, त्याहिले कमी नाही करता येत. तू सामान आनू नको." गेल्या वर्षीचा टीव्ही तसाही दिवसातून दोन तास चालतो. मटणात शेजारचे तीन घरं मिळून एकच बकरा घ्यायचा ठरलाय.

आता बाबा दर महिन्याला पगाराच्या दिवशी फोन करतात. पाऊस, गुरं, शेजारी वगैरे नाही, पहिला प्रश्न एकच, "किती उरलं?" मी आकडा सांगतो. काल सांगितलं, एकेचाळीस हजार.

"बरं," म्हणाले, "नाटकाले ये मंग. रिकाम्या हातानं ये."