मनगटाला टेकणारा अंगठा

धडगावच्या वरच्या पाड्यावरून उतरलेली आई मुलाला कडेवरून खाली ठेवते. वय सात, पण निम्मी वाट तो कडेवरच आला आहे. "ताई, पोऱ्या चालायचा कंटाळा करतो. शाळेतही आळशी म्हणतात." फिजिओथेरपिस्ट ताई काही बोलायच्या आतच पोऱ्या बाकावरच्या मुलीला जादू दाखवायला लागतो. हाताचा अंगठा आत वाकवून थेट मनगटाला टेकवतो. करंगळी मागे नेऊन सरळ उभी करतो. मुलगी हसते. ताईचं लक्ष मात्र त्याच्या गुडघ्यांकडे असतं. उभं राहताना ते मागच्या बाजूला वळलेले असतात.

ही जादू मोजता येते. दोन करंगळ्या, दोन अंगठे, दोन कोपरं, दोन गुडघे आणि गुडघे न वाकवता जमिनीला टेकणारे तळवे, असे मिळून 9 गुण. 1973 साली पीटर बायटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेत ही मोजणी वापरली, म्हणून तिला त्यांचं नाव. लहान मुलांचे सांधे मुळातच सैल असतात, त्यामुळे त्यांच्यात सहसा 6 गुणांपासून पुढे सांधे जास्त सैल मानतात. गुण जास्त म्हणजे आजार असंही नाही. कितीतरी लवचिक मुलांना कधी काही दुखत नाही.

धडगावच्या या नंदुरबार जिल्ह्यात मात्र गुणांच्या आधी एक प्रश्न येतो: सिकलसेलची तपासणी झाली का? सातपुड्यात हातपाय दुखणाऱ्या मुलाला हे विचारायलाच हवं. या आजारात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि असह्य कळा येतात. तान्ह्यांचे हातपाय सुजतात. सैल सांध्यांचं दुखणं वेगळं. दिवसभर हुंदडल्यावर ते रात्री पायात उतरतं आणि सकाळी मूल पुन्हा पळायला तयार. ताप असेल, सांधा सुजला असेल, गरम लागत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात. सिकलसेलचा प्रश्न तिथेही विचारून घ्यावा.

आळशी हा शब्द ताईला खपत नाही. ती आईला बाजेचं उदाहरण देते. काथ्या सैल पडला की बाज खोलगट होते; तसे सांधे बांधून ठेवणारे बंध सैल असले की सगळा भार स्नायूंवर येतो. नुसतं ताठ बसायलाही या मुलाला इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतात. जो वर्गात सर्वांत आधी बाकावर कलंडतो, तो बहुतेकदा सर्वांत जास्त राबलेला असतो.

वही काढली की ते दिसतंच. पेन्सिलीवर दाबलेल्या बोटाचं पुढचं पेर आतल्या बाजूला मोडतं, नखाचं टोक पांढरं पडतं, तिसऱ्या ओळीला अक्षर घसरतं. ताई जुन्या लुगड्याची चिंधी पेन्सिलीवर घट्ट गुंडाळते. पकड जाड झाली की बोट कमी मोडतं. चार ओळी लिहायच्या, हात झटकायचा, मग पुढच्या चार.

हातपाय ताणायचे नाहीत, हे ती दोनदा सांगते. मालिश करताना ओढायचे नाहीत. ओढा ओलांडताना एका मनगटाला धरून उचलायचं नाही, काखेत धरायचं. बाकी व्यायाम घरातच आहे: भाकरीचं पीठ मळणं, पाण्याची लहान कळशी दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणणं, चढ सावकाश चढणं. उभं राहताना गुडघा मागे ढकलायचा नाही. फळ मिळायला महिने लागतात, आणि जादू दाखवणं हळूहळू बंद करावं लागतं.

"काठी गावच्या होळीला नाचू द्यायचं का?" आई घाबरत विचारते.

"नाचू दे. मधे मधे बसव. पायात पट्ट्याचे बूट घाल."

पोऱ्या लगेच ठेका धरतो. उजवा गुडघा मागे जातो. ताई हात पुढे करणार, तोच आई खाली वाकून गुडघ्याच्या लवणीला दोन बोटं लावते, आणि तो गुडघा सरळ करतो.