वहिनी, हात उशीवरून काढ

ती. वहिनीस,


दादा फोनवर म्हणाला, डावा हात दिवसभर उशीवर ठेवून बसतेस, आणि शेजारच्या काकूंनी ‘हत्तीरोग तर नाही ना?’ असं विचारल्यापासून धड जेवतही नाहीस. फोनवर बोलायला लागलं की तो मध्येच तोंड घालतो, म्हणून पत्र.

काकूंना दोष देऊ नकोस. वर्ध्यात सुजलेला हात-पाय दिसला की माणसाला दुसरं काही सुचत नाही. विदर्भाने हत्तीपाय पिढ्यान्‌पिढ्या पाहिलाय. पण तो डासांमार्फत शिरणाऱ्या कृमींमुळे होतो. तुझ्या हातात कृमी नाहीत आणि तुझ्यापासून कुणाला काही लागणार नाही. तुझ्या काखेतल्या गाठी स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये काढल्या, वर रेडिएशन झालं, त्यामुळे हातात झिरपलेलं पाणी, म्हणजे लसीका, वर जायची वाट मोडली. सगळ्या गाठी काढाव्या लागलेल्या बायकांत साधारण पाचात एकीला हे होतं. जिथे पहिल्या एक-दोन गाठी तपासून थांबता येतं, तिथे शंभरात पाच-सहा जणींना. तुझं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही.

तरी सर्जनना एकदा दाखवून ये. कर्करोगाची गाठ परत आलेली नाही आणि शिरेत रक्ताची गुठळी नाही, एवढी खात्री झाली की पुढचं काम आपलं.

रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं जे पाणी परत शिरांत जात नाही, ते लसीकावाहिन्या उचलतात. साऱ्या शरीरातून दिवसाला दोन-तीन लिटर. त्यांना हृदयासारखा पंप नाही. वाहिनीची भिंत आपणहून आकुंचन पावते आणि शेजारचे स्नायू हलले की दाब मिळतो, एवढ्यावरच काम चालतं. मग हात उशीवर निजवून काय साधणार? रात्री उंच ठेवलास तर सकाळी थोडा हलका वाटेल, इतकंच. आणि लघवी जास्त होण्याची गोळी कुणी सुचवली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. या सुजेत पाण्याबरोबर प्रथिनंही साचतात. गोळीने पाणी जातं, प्रथिनं तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात.

हात जपायचा हा सल्ला तुला बहुतेक इस्पितळातूनच मिळाला असणार, आणि त्याचाच मला राग येतो. बाल्टिमोरच्या हॉल्स्टेडने १८८०च्या दशकापासून स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळंच काढायला सुरुवात केली. हात सुजायचे, १९२१मध्ये त्याने स्वतःच त्यावर लिहिलं. पुढे अनेक दशकं बायकांना सांगत आले की जड उचलू नका, जोर लावू नका. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण त्याला पुरावा कुणी मागितलाच नव्हता. १९९६मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉन मॅकेंझी या डॉक्टरांनी स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या चोवीस जणींना ड्रॅगनबोट वल्हवायला बसवलं. खांदे आणि हात पिळून काढणारा हा खेळ. हंगाम संपला तेव्हा एकीलाही नवी सूज आलेली नव्हती. मग २००९मध्ये अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांचा मोठा अभ्यास छापून आला. हात आधीच सुजलेल्या १४१ बायका. निम्म्या जणींनी आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, अगदी हलक्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवत, हातावर दाबाची बाही चढवून. सूज वाढली नाहीच. उलट सूज एकदम उफाळून येण्याचे प्रसंग वजनं न उचलणाऱ्यांच्या निम्म्यावर आले. बसून राहिलेल्या बायकांचं काय काय गेलं, खांदा आखडला, वजन वाढलं, सुनेच्या हाताकडे बघत राहावं लागलं, याचा हिशेब कुणीच ठेवला नाही.

आता उपचार. पहिले दोन ते चार आठवडे पट्ट्यांचे. आधी सुती मोजा, मग एकेका बोटाला बारीक पट्टी, वर कापसाचा किंवा फोमचा थर आणि त्यावर कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या, मनगटाशी घट्ट आणि वर सैल होत जाणाऱ्या. औषधाच्या दुकानातलं, ओढलं की दुप्पट लांब होणारं इलॅस्टिक अजिबात नको. ते बसल्याजागीही आवळत राहतं. आपली पट्टी स्वस्थ असताना नुसती असते. मूठ वळलीस, कोपर वाकवलंस की स्नायू फुगतो, पट्टी हटत नाही, आणि मधलं पाणी वर सरकतं. म्हणजे पट्टी बांधून झोपून राहिलीस तर निम्मा उपचार वाया. पोळ्या लाट, कपडे वाळत घाल. आंघोळीपुरती काढायची, एरवी दिवसरात्र बांधलेली. ही पद्धत नावारूपाला आली जर्मनीत, ब्लॅक फॉरेस्टमधल्या थंड हिंटरत्सार्टन गावी, फ्योल्डी दांपत्याच्या दवाखान्यात. वर्ध्याच्या मे महिन्याची त्यांना काय कल्पना! म्हणून हे थंडीतच उरकायचं.

मालिशवाली बाई मात्र बोलावू नकोस. लसीकेचं मालिश वेगळं असतं. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश जोडप्याने १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये ते बसवलं. हात इतका हलका की फक्त कातडी सरकते, आणि सुरुवात मानेपासून, मोकळ्या बाजूपासून. सुजलेला हात शेवटी. मी शिकवीन. पण खरं सांगू? सूज उतरवण्याचं मोठं काम पट्टीच करते, मालिशने त्यात थोडीशीच भर पडते. माझ्या धंद्यातल्या पुष्कळांना हे ऐकायला आवडणार नाही.

हात उतरला की मापाने शिवलेली दाबाची बाही. दोन घ्यायच्या, एक धुवायला एक घालायला, आणि सहाएक महिन्यांनी बदलायच्या, कारण त्यांचा ताण जातो. हे मधुमेहासारखं आहे, बरं होऊन संपत नाही, सांभाळावं लागतं. आत्ता बोटाने दाबलं की खळगा पडतो ना? चांगलं आहे. हयगय केली तर त्या जागी चरबी आणि तंतू साचत जातात, मग पट्टीलाही ते दाद देत नाहीत.

डाव्या हातातल्या घट्ट बांगड्या आजच उतरव. आई काही म्हणाली तर माझं नाव सांग, तिच्याशी मी बोलते. विळीवर चिरताना, गुलाबाची फांदी छाटताना जपून. रात्री खोबरेल तेल लाव, कातडीला भेगा नकोत. बीपी आणि सुईबद्दल लोक घाबरवतात तेवढा पुरावा नाही, पण उजवा हात रिकामा असताना डावा पुढे कशाला करायचा? हात लाल झाला, गरम लागला, ताप भरला तर पट्टी सोड आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तेव्हा अँटिबायोटिक लागतं. सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

मी पट्ट्या घेऊन येतेच आहे. तोवर दोन्ही हात मोजून ठेव: मनगटापासून वर दर दहा सेंटिमीटरवर पेनने खूण, सकाळी, त्याच जागी, वहीत तारखेसह. दोन हातांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक कुठे येतो तेवढं मला कळव. मोजायला चिंगीला बसव. दादा फीत तिरकी धरतो.

तुझी,
धाकटी वन्सं