हान्लेवरची तांबूस झाक
ध्रुवीय प्रकाश पाहण्यासाठी मी नॉर्वेतील ट्रॉम्सोला गेले होते. वाटाड्याने तीन रात्री गाडीतून हिंडवले. ढग हटलेच नाहीत. पुढे १० मे २०२४ च्या रात्री, प्रचंड सौरवादळात, तो प्रकाश लडाखमध्ये उमटला. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या हान्ले येथील वेधशाळेवर. मी इकडे बंगळुरूत गाढ झोपले होते! सकाळी छायाचित्रे पाहिली : उत्तर क्षितिजावर तांबूस झाक. हिरवा प्रकाश साधारण शंभर किलोमीटर उंचीवरचा. इतक्या दक्षिणेकडून तो क्षितिजाखालीच राहतो. तांबडा दोनशे किलोमीटरच्याही वरचा. उत्तेजित ऑक्सिजन अणूला तो उत्सर्जित करायला सुमारे दोन मिनिटे लागतात, आणि इतका वेळ टक्कर न होता राहणे त्या विरळ हवेतच शक्य. नुसत्या डोळ्यांना ती झाक कितपत जाणवली असती, शंकाच आहे. तरीही ट्रॉम्सोपेक्षा हीच रुखरुख मोठी.